देव्हाऱ्यातली हार्ड डिस्क

जुनी हार्ड डिस्क जिवंत आहे की मेली, हे आधी कानाला कळतं. करंट दिला की आतली तबकडी फिरायला लागते, बारीक शीळ येते, एकदा टक्क होतं आणि मग संथ गुरगुर सुरू होते. गुरगुर ऐकू आली की मी गिऱ्हाइकाला बसायला सांगतो. नुसतंच टक्क टक्क टक्क चालू राहिलं तर चहासुद्धा विचारत नाही. ज्याच्या घरचं गेलंय त्याला चहा पाजून काय करायचं?

शहाद्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. एकेकाळी नवे कॉम्प्युटर विकायचो. आता सगळ्यांचं सगळं मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे माझ्याकडे येतात ती मढीच. शाळांमधून फेकलेली, ऑफिसांच्या जिन्याखाली पडलेली, कुणाच्या माळ्यावर कापसाच्या गोण्यांमागे सापडलेली. आढ्यापर्यंत जुने डबे रचून ठेवलेत. गल्लीतले लोक मला भंगारवाला म्हणतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. ते डबे मी हौसेनं ठेवलेले नाहीत. जुन्या डिस्कची ती रुंद पट्टीसारखी वायर लावायला नव्या मशीनमध्ये जागाच नसते. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या वयाचाच माणूस नीट बोलतो, तसं आहे हे. डिस्क ज्या काळातली, मशीनही त्याच काळातलं लागतं.

कामाच्या तऱ्हाही जुन्याच. बरीच वर्षं पडून राहिलेली डिस्क आतून चिकटते. तिला उन्हात थोडी कोमट करायची, तळहातावर धरून मनगटाला हलका झटका द्यायचा, की कधी कधी सुटते. संपर्काच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबरनं घासायच्या. बोर्ड जळला असेल तर तशाच दुसऱ्या डिस्कचा काढून लावायचा. हल्ली लोक व्हिडिओ बघून येतात. तापीकाठच्या एका गावातला बागायतदार त्याची डिस्क फ्रीजरमधून काढून थेट माझ्या टेबलावर ठेवून गेला होता, वर बर्फाचा थर. मी त्याला विचारलं, सरबतात घालू का? त्याला राग आला. मला त्याच्याहून जास्त आला होता.

मी हे ऐटीत सांगतोय, कारण पुढचं सांगायचं जिवावर येतं.

माझा धाकटा भाऊ लोणखेड्याला आईबरोबर राहायचा. घरची शेती बघायचा, केळी, ऊस, आणि उरलेल्या वेळात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. त्यासाठी कॉम्प्युटर त्यानं स्वतः जोडला होता. सुटे भाग माझ्याकडूनच नेले आणि जोडताना मला हात लावू दिला नाही. पण त्याचा खरा धंदा आवाजाचा होता. शहाद्यात रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरतात ना, त्या तो रेकॉर्ड करून द्यायचा. घरी, दारं-खिडक्या लावून, डोक्यावर गोधडी घेऊन. आमच्यात घरी सगळी अहिराणी चालते, पण गोधडीत शिरला की हा एकदम पुस्तकातलं मराठी बोलायचा. "माता-भगिनींनो, लग्नसराईनिमित्त शहादेकरांसाठी खास आपल्या आवडीचा भव्य साडी महोत्सव. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल." गोधडीतून घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि आईला म्हणायचा, "माय, मन्हा समदा जीव यामा शे." म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये. आई म्हणायची, जीव तिथं ठेव आणि जेवायला इकडं ये.

तळोद्याहून मोटरसायकलवर परत येताना तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. संध्याकाळची वेळ होती. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, साधी लाल चिंधीही नव्हती. आमच्याकडे गाळपाच्या हंगामात रस्त्यावर अशा ट्रॉल्या ढिगानं असतात आणि दर हंगामात कुणी ना कुणी जातं. तेव्हा चार दिवस बोंबाबोंब होते, मग पुढच्या हंगामात ट्रॉली तशीच निघते. यावर मी बोलायला लागलो की थांबत नाही, म्हणून इथंच थांबतो.

त्याची मुलगी तेव्हा रांगत होती.

लोक दारावर बसायला येत होते, त्या दिवसांत एक रिक्षा लोणखेड्यात आली. भोंग्यातून त्याचा आवाज, माता-भगिनींनो. आई घरातून धावत अनवाणी रस्त्यावर गेली आणि रिक्षाच्या मागे चालायला लागली. रिक्षावाल्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं थांबून आईला विचारलं, मावशी, साडी बघायची का? मी जाऊन तिला परत आणलं. दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानदाराच्या कानावर गोष्ट गेली. मेलेल्या माणसाच्या आवाजानं धंद्याला बोलावणं बरं नव्हे, असं त्याच्या घरात कुणीतरी म्हणालं. त्यानं ती सीडी नदीत सोडून दिली आणि वर आम्हाला निरोप पाठवला की मान राखून सोडली. बाकीच्या दुकानदारांनीही तसंच काहीतरी केलं असणार. ज्या आवाजानं गावभर साड्या विकल्या, तो वर्षभरात गावातून पुसला गेला. उरला तो घरच्या कॉम्प्युटरमध्ये.

भावजय तिच्या माहेरी तळोद्याला गेली. तिचं वय ते काय होतं. पुढे तिचं दुसरं लग्न झालं, आणि मुलगी इकडे माझ्या आईजवळ राहिली.

दिवस झाल्यावर आईनं मला कॉम्प्युटरसमोर उभं केलं आणि विचारलं, "यामा तो कोठे शे?" मला वाटलं ती त्याच्या कामाबद्दल विचारतेय. डबा उघडून मी हार्ड डिस्क दाखवली, म्हटलं, त्याचं जे काही आहे ते यात. आई म्हणाली, काढून दे. मी दिली. पुढच्या खेपेला घरी गेलो तर डिस्क देव्हाऱ्यात होती.

हे समजायला आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. आमच्या घरात अकाली गेलेला पुरुष वीर होतो. सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून आणतात आणि तो बाकीच्या देवांबरोबर देव्हाऱ्यात बसवतात. आईनं भावाचा टाक केला नाही. तिचं म्हणणं, सोनाराकडचे सगळे वीर एकाच साच्यातले, घोड्यावर बसलेले, हातात तलवार. तिचा मुलगा जन्मात घोड्यावर बसला नव्हता, लग्नातसुद्धा जीपमधून आला होता. त्या टाकाला ती मुलगा कसं म्हणणार? म्हणून आजोबांच्या आणि चुलत्याच्या टाकांमध्ये ही काळी-चंदेरी डिस्क, वर कुंकवाचा टिळा. मी एकदा मागून पाहिली. आत काय आहे ते काढून ठेवतो, मग परत देतो म्हटलं. आई म्हणाली, "बसाडेल देवले हालाडतस नही." मीही नेट लावला नाही. खरं सांगायचं तर तो आवाज ऐकायची माझीच छाती होत नव्हती. डिस्क देव्हाऱ्यात कोरडी, सावलीत, हादऱ्याशिवाय आहे, म्हणजे माझ्या दुकानापेक्षा सुखरूप आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुलगी मोठी झाली. तिचा आवाज लहानपणापासून जाड, घोगरा. शाळेत पोरं तिला चिडवायची. यंदा लोणखेड्याच्या कॉलेजात गॅदरिंगला तिनं निवेदन केलं. ऐकायला आलेला कुणीतरी जुना माणूस कार्यक्रम संपल्यावर तिला म्हणाला, तू अमक्याची मुलगी ना, आवाज थेट बापावर गेलाय. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. आपल्याकडे एकानं म्हटलं की सगळ्यांना तसंच वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती माझ्या दुकानात येऊन उभी राहिली.

"मोठे पप्पा, पप्पाना आवाज कोठे शे का?"

"काब्र?" कशासाठी, ते मी आधी विचारलं.

"समदा सांगतस मन्हा आवाज त्यासनावर गयेल शे. मी त्यासना आवाज कधी ऐकेलच नही."

घोगऱ्या आवाजाचं तिला आयुष्यभर ओझं झालं होतं. आता कुणीतरी सांगत होतं की ते ओझं नाही, ती बापाची ठेव आहे, आणि खरं-खोटं करायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिला फोटो नको होते. फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. तिला एकदा आवाज ऐकायचा होता. मी म्हटलं, बघू. या धंद्यात मी कुणालाच हो म्हणत नाही.

आईकडे मी मागितली असती तर पुन्हा नाहीच म्हणाली असती. मुलीनं मागितली. आईनं देव्हाऱ्यासमोर दिवा लावला, डिस्क लाल कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात न देता तिच्या ओंजळीत ठेवली. मला एवढंच म्हणाली, "शिमगाना पह्यले परत आन." मी हो म्हटलं. शिमग्याचं काय एवढं, हे मी विचारलं नाही. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात, तेव्हा देव्हारा भरलेला हवा असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

भावाच्या कॉम्प्युटरचा रिकामा डबा मी मागेच दुकानात आणून ठेवला होता, सगळ्यात वर, माळ्याला टेकून. तो खाली काढला. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं. ते खरवडलं, धूळ फुंकली, पंखा धुतला, फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले, मेमरीच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, नवा सेल घातला. मुलगी रोज कॉलेज सुटलं की यायची आणि स्टुलावर बसून बघायची. कीबोर्ड तिनं पुसला. त्यावरची काही अक्षरं भावाच्या बोटांनी झिजून गेली होती. ज्या दिवशी मशीनला करंट दिला त्या दिवशी बीप वाजला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. डिस्क सापडत नाही, असं ते सांगत होतं. ते तर मलाही ठाऊक होतं, पण मुलगी स्टुलावरून उठून उभी राहिली. तिला वाटलं अर्धं काम झालं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग डिस्क हातात घेतली. कुंकवाचे थर ओल्या फडक्यानं उतरवले आणि फडकं बाजूला ठेवलं. या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतली-बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून. ते झाकू नका, असं कंपनीनं शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं. भोवती गोल असतो. कपाळावर टिळ्याची जागा दिसते ना, तशीच ती दिसते. आईचं बोट इतकी वर्षं बरोबर तिथंच जात होतं.

पण कुंकवानं एवढं होत नाही. आत गाळणी असते, कोरडं कुंकू ती अडवते. मी खालचा बोर्ड काढला. तो हिरवा पडला होता. म्हणजे पाणी. माझ्याकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एक डिस्क होती, तिचा बोर्ड जुळवून लावला आणि करंट दिला. शीळ आली नाही. आत काहीतरी जोर करत होतं आणि अडत होतं. तळहातावर धरून मनगटाला हलका झटका दिला. तेव्हा आतून जो आवाज आला तो या धंद्यात मी कधी ऐकला नव्हता. सुपात धान्य सरकतं तसा, सर्रर्र.

"चालू व्हयनी का?" मुलीनं विचारलं.

डिस्क उघडायची नसते. आत धुळीचा एक कण गेला तरी तबकडीवर ओरखडा उठतो. ती उघडायची ती फक्त आशा संपल्यावर. मी उघडली. तबकडी आरशासारखी लख्ख असायला हवी. तिच्यावर माठाच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर होता, त्यात गंजाची वर्तुळं, आणि वाचणारी सुई थराला चिकटून बसलेली. भोकामागची गाळणी कुजून गेलेली, कोपऱ्यात नदीची बारीक वाळू. फोटो काढून सुरतच्या एका ओळखीच्या माणसाला पाठवला, त्याची काचेच्या खोलीतली लॅब आहे. त्याचा लगेच फोन आला. "रेत है, भाई. रहने दो."

मी दुकान तसंच उघडं टाकून मोटरसायकल काढली. मुलगी मागे बसली. लोणखेड्याला पोचलो तेव्हा आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. उघडी डिस्क तिच्यासमोर धरून मी ओरडलो. गल्ली गोळा झाली तरी मला शुद्ध नव्हती. हिच्यात पाणी कसं गेलं, वाळू कशी गेली, कोणी केलं हे?

आई शांतपणे म्हणाली, धुळवडीला वीर निघतात तेव्हा सगळे देव नदीवर जातात, तोही जातो. चुलतभाऊ लाल कापडात गुंडाळून न्यायचा. मी धुळवडीला कधी गावात नसायचो. मला ती हलगी आणि ते घुमणं सोसत नाही. आमच्या गोमाई नदीला तेव्हा पाणी नसतंच, वाळूत उकरून डबकं करतात, त्यातल्या पाण्यानं देवांना न्हाऊ घालतात. दरवर्षी. आणि मी खुशाल समजत होतो की ती कोरडी, सावलीत आहे.

"तुले समजत नही का," मी म्हटलं, "पाणीमा टाकतस का ती?"

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "मंग काय करू? बाकीना देवसले आंघोय घालतस. मन्हा आंडोरलेच पारोसा ठेवू का?"

एवढा वेळ मी डिस्कबद्दल बोलत होतो आणि ती तिच्या मुलाबद्दल. मी ओट्यावर बसलो आणि सगळ्या गल्लीसमोर मला रडू आलं. भाऊ गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. लोक हळूहळू पांगले. आईनं डिस्कचं झाकण आणि तबकडी माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली, लाल कापडात बांधली आणि आत नेऊन ठेवली.

मुलगी दारात उभी होती. तिनं विचारलं, "मंग आते कोठेच नही?"

"कोठेच नही," मी म्हटलं.

ती घरात गेली. पाणी प्यायली असावी. परत आली ती मोबाइल घेऊन. म्हणाली, ते रिक्षामध्ये काय बोलायचे ते तुम्हाला येतं का? मला येत होतं. शब्द न् शब्द. मी सांगत गेलो, ती मनात घोकत गेली. मग तिनं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि बोलली. माता-भगिनींनो, लग्नसराईनिमित्त शहादेकरांसाठी. मी सांगितलं म्हणून तिनं आवाज आणखी खाली उतरवला. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल. मग तिनं ते लावलं आणि मान वाकडी करून ऐकलं. आपला आवाज बाहेरून ऐकला की परक्याचाच वाटतो. तिलाही वाटला. तिचा चेहरा बदलला.

"हाऊ तर मन्हा आवाजच नही," ती म्हणाली. "मोठे पप्पा, त्यासना असाच व्हता का?"

मी आठवून बघितलं. गोधडी आठवली, घामेजलेलं कपाळ आठवलं, रिक्षामागे चालणारी आई आठवली. शब्द सगळे जागच्या जागी होते. आवाज नव्हता. केव्हा गेला कोण जाणे, मला पत्ताही लागला नव्हता.

"हा," मी म्हटलं. "थेट असाच."

ती हसली. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग मैत्रिणींना ऐकवायला मोबाइल घेऊन गल्लीत गेली. तिचा तो आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला, भव्य साडी महोत्सव, भव्य साडी महोत्सव.

आई पुन्हा शेंगा फोडायला बसली होती. माझ्या ध्यानात आलं, सगळं गाव मुलीचा आवाज बापावर गेला म्हणत होतं, आईनं मात्र तसं एकदाही म्हटलं नव्हतं.

"त्याना असा नव्हता," आई म्हणाली.

"मंग कसा व्हता?"

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. असा आवाज कुणी करून दाखवू शकतं का? मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मुलगा मेल्याचं तिला कळलं त्या दिवशी तिनं असंच बघितलं होतं.

"तुले बी आठवस नही?" ती म्हणाली.

मी तिच्या सुपातल्या शेंगा घेतल्या आणि फोडायला लागलो.